आधी लय, मग सॉफ्टवेअर

‘सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?’ हा प्रश्न हल्ली कुणाच्याही तोंडून ऐकू येतो. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत संगीत शिकवणाऱ्या बाईंना स्वतः चाली लावलेली बालगीतं रेकॉर्ड करायची असतात. पुण्यात पेटी शिकवणाऱ्या एका काकांचे निम्मे शिष्य अमेरिकेत. त्यांना रियाजासाठी लेहरे पाठवायचे असतात. नांदेडकडचा एक पोरगा मिरवणुकीसाठी मिक्स बनवतो आणि त्याला आता स्वतःचं गाणं करायचंय. एका कीर्तनकार बुवांच्या मुलीला, वडिलांचा आवाज खणखणीत आहे तोवर, त्यांचे अभंग नीट साठवून ठेवायचेत. चौघांचा प्रश्न एक, आणि चौघांना मिळणारं उत्तरही एकाच जातीचं: ओळखीतला जो कुणी ‘रेकॉर्डिंगमधला’ असतो, तो स्वतः जे वापरतो त्याचंच नाव सांगतो. मुंबईत धोबी तलावावरच्या वाद्यांच्या दुकानांत विचारा नाहीतर गावातल्या स्टुडिओत विचारा. उत्तरातून सांगणाऱ्याची सवय कळते, विचारणाऱ्याची गरज जिथल्या तिथे राहते.

बहुतेकांच्या मनात एक समज पक्का असतो, की महागड्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज चांगला येतो. तो आधी बाजूला ठेवू. आवाज कसा येणार हे ठरतं गळ्यात, खोलीत, माइकमध्ये आणि माइक ज्याला जोडतो त्या ऑडिओ इंटरफेसच्या डबीत. तिथून पुढे संगणकात जातात ते नुसते आकडे. प्रचलित मापाने सांगायचं तर सेकंदाला ४८,००० आकडे, प्रत्येक २४ बिटांचा. हे आकडे प्रो टूल्सने लिहून घेतले काय किंवा फुकट मिळणाऱ्या ऑडॅसिटीने लिहून घेतले काय, आकडे तेच. वही महाग घेतली म्हणून हिशेब बदलत नाही.

फरक पडतो तो वेळेच्या बाबतीत. गाणं वेळेत घडतं, आणि प्रत्येक सॉफ्टवेअरने ती वेळ कशी मोजायची हे बनवणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं. कुणी ती घड्याळाच्या मिनिट-सेकंदांत मोजतं, कुणी मात्रांच्या चौकटीत, कुणी गोल फिरणाऱ्या तुकड्यात. आपल्या गाण्याची वेळ ज्याच्याशी जुळते ते आपलं सॉफ्टवेअर. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि बाकीचा लेख ते पटवण्यासाठी.

यंत्र वेळ ठरवतं

हे काही संगणकापासून सुरू झालं नाही. नोव्हेंबर १९०२मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कोलकात्यात हॉटेलच्या खोलीत यंत्र मांडून गौहर जानचं गाणं टिपलं. तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. रात्रभर रंगणारी मैफल तीन मिनिटांत बसवायची, आणि शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारायचं, म्हणजे जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात तबकडी छापणाऱ्यांना गाणारी कोण ते कळेल. आलाप आवरला, बंदिश लवकर आली, तान शेवटाकडे सरकली. पुढच्या कित्येक दशकांतल्या कलावंतांनी तीन मिनिटांत राग उभा करण्याची कला कमावली, ती यंत्राने घातलेल्या अटीतून. घरगुती म्हणावी अशा खोलीत भारतातलं हे सुरुवातीचं ध्वनिमुद्रण झालं, आणि तेव्हापासून यंत्राची वेळ व गाण्याची वेळ यांची ओढाताण चालूच आहे.

टेप आली तेव्हा वेळ लांबली, आणि एकावर एक रचताही येऊ लागली. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल याने आपल्या घरच्या स्टुडिओत एकच गिटार पुन्हा पुन्हा वाजवून थरावर थर चढवले. मेरी फोर्डसह केलेली त्याची १९५१च्या सुमाराची गाणी अशीच तयार झाली. १९५७ साली ॲम्पेक्स कंपनीने त्याला आठ ट्रॅकचं टेपयंत्र बनवून दिलं. आज कुठलंही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर उघडा, पडद्यावर ज्या आडव्या पट्ट्या दिसतात त्या म्हणजे त्या टेपचे ट्रॅक.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत मात्र बराच काळ गाणं एकदम, सगळ्यांनी मिळून व्हायचं. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूबमध्ये गायक, कोरस, व्हायोलिनांचा ताफा, ढोलक, सगळे एका वेळी हजर. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या गोमंतकीय ॲरेंजरांनी कागदावर स्वरलिपी लिहून दिलेली असायची, आणि एकाची चूक झाली की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मग ट्रॅक वाढले आणि माणसं वेगवेगळ्या दिवशी येऊ लागली. आधी स्क्रॅच, म्हणजे कच्चं गाणं, गायचं, त्यावर वाद्यं वाजवायची, खरा गायक शेवटी येऊन डब करून जायचा. ए. आर. रहमान यांनी १९८९मध्ये चेन्नईत घरामागे पंचतन रेकॉर्ड इन हा स्टुडिओ उभारला. ‘रोजा’चं संगीत १९९२ साली तिथून आलं. घराच्या आवारातल्या खोलीतून देशभर वाजणारं संगीत निघू शकतं, हे त्यानंतर वेगळं सिद्ध करावं लागलं नाही. २०१९मध्ये बिली आयलिश या अमेरिकन गायिकेचा पहिला अल्बम तिच्या भावाने लॉस एंजेलिसमधल्या आईवडिलांच्या घरात, झोपायच्या खोलीत, लॉजिक प्रो वापरून तयार केला, आणि पुढच्या वर्षी त्याला अल्बम ऑफ द इयरचा ग्रॅमी मिळाला.

मोठ्या हॉलची गरज संपलेली नाही, हेही खरं. अजय-अतुल यांनी ‘सैराट’साठी सिम्फनी ऑर्केस्ट्रा हॉलिवूडला सोनीच्या स्टेजवर जाऊनच रेकॉर्ड केला. साठ व्हायोलिनं दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बसत नाहीत. एक गळा आणि एक तबला मात्र बसतो.

तीन घराणी

वेळ मोजण्याच्या पद्धतीवरून या सॉफ्टवेअरांची मला तीन घराणी दिसतात. आज प्रत्येकाने दुसऱ्याच्या युक्त्या उचलल्यात, तरी मूळची तालीम लपत नाही.

पहिलं टेपचं घराणं. डिजिडिझाइन कंपनीने १९९१मध्ये प्रो टूल्स बाजारात आणलं तेव्हा त्यात चारच ट्रॅक होते, आणि कल्पना सरळ होती: टेपयंत्र संगणकात आणायचं. इथे वेळ सरळ रेषेत वाहते. रेकॉर्डचं बटण दाबा, जे घडतंय ते टिपलं जाईल. नंतर कापा, जोडा, पुसा. मोठमोठ्या स्टुडिओंत प्रो टूल्स आजही ठाण मांडून आहे, कारण टेपवर हात बसलेल्या ध्वनिमुद्रकांना ते ओळखीचं वाटलं. याच घराण्यातला धाकटा म्हणजे रीपर. एमपीथ्रीच्या जमान्यात घरोघरी असलेला विनॅम्प ज्याने लिहिला, त्याच जस्टिन फ्रँकलने रीपरही लिहिलं. ऑडॅसिटी याच कुळातली, पण साध्या गरजांची. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात तिचं काम सुरू झालं आणि २०००मध्ये ती लोकांच्या हाती आली.

दुसरं घराणं मात्रांच्या चौकटीचं. १९८३मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एकमेकांशी बोलू लागले, ते मिडी या समाईक भाषेमुळे. दोन वर्षांनी अटारी एसटी हा संगणक आला आणि त्याला मिडीची भोकं जन्मतःच होती. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९८९मध्ये त्याच्यासाठी क्यूबेस काढलं. इथे आवाज रेकॉर्ड होतच नव्हता. कुठली पट्टी कितव्या मात्रेवर, किती जोरात दाबली, एवढीच नोंद. त्यामुळे पडद्यावर आधी मात्रा आखायच्या आणि मग त्यांत स्वर भरायचे, ही रीत पडली. लॉजिक याच काळातलं, याच मुशीतलं. ध्वनिमुद्रण नंतर आलं, पण चौकट मुळातली. कीबोर्डवर चाल बांधणाऱ्याला, कागदावर स्वरलिपी लिहिणाऱ्याला हे घराणं जवळचं वाटतं.

तिसरं घराणं आवर्तनाचं, म्हणजे लूपचं. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीतल्या दिदिये दाँब्रँने १९९७च्या अखेरीस फ्रूटीलूप्स आणलं. पुढे त्याचं नाव एफएल स्टुडिओ झालं. सोळा चौकोनांची एक ओळ, हवा तो चौकोन पेटवायचा, आणि ठेका गोल फिरत राहतो. २००१मध्ये बर्लिनहून एबल्टन लाइव्ह आलं. तेही तुकडे फिरवणारंच, फक्त मंचावर उभं राहून ते वाजवता यावेत अशा बेताने घडवलेलं. ढोल, हलगी, डीजेचा ठोका यांची मिरवणुकीतली जुगलबंदी ज्याला रचायचीय त्याच्या हाताला हे घराणं पटकन बसतं. महाराष्ट्रात गावोगावची डीजे पोरं एफएल स्टुडिओवर पडलेली दिसतात, ती काही जाहिरात वाचून नाही. सम कुठे आहे आणि आवर्तन कधी फिरतं, हे ज्याच्या अंगात आहे त्याला ते सॉफ्टवेअर अर्ध्या तासात कळतं.

सोळा चौकोन पाहून कुणाला त्रिताल आठवेल. मात्रा सोळाच, पण त्रितालातल्या खालीचं वजन चौकोन पेटवून येत नाही. बायाँ मिटवावा लागतो. सातांचा रूपक, दहांचा झपताल यांसाठी चौकोनांची संख्या बदलता येते. लयीला बसलेली हलकी ओढ बदलायला मात्र कान लागतो.

एका अभंगाची रात्र

बुवांच्या घरी रेकॉर्डिंग होतं ते जेवणं उरकल्यावर. दिवसा शेजारच्या फ्लॅटमध्ये ड्रिल चालू असतं आणि संध्याकाळी सगळ्या इमारतीत कुकरच्या शिट्ट्या. आतल्या खोलीत कपड्यांचं कपाट उघडं ठेवलेलं, समोरच्या भिंतीला गादी उभी केलेली. उघड्या भिंतींवरून उलटून येणारा आवाज त्याने बराच मरतो. पंखा बंद. बुवा सतरंजीवर बसतात, मुलगी लॅपटॉपशी, तबल्याला शेजारच्या पेठेतले दादा.

सुरुवातीला लॅपटॉपवर होतं चौकटीच्या घराण्यातलं एक सॉफ्टवेअर, कारण कुणीतरी ते सुचवलं होतं. उघडल्या उघडल्या त्याने वेग विचारला: मिनिटाला किती मात्रा? मुलीने अंदाजाने ९० टाकले. हेडफोनमध्ये टिकटिक सुरू झाली आणि बुवांनी दुसऱ्याच ओळीला हेडफोन काढून ठेवला.

‘अगं, ही टिकटिक बंद कर. मी हिच्यामागे धावू, की विठ्ठलाच्या?’

‘अण्णा, नंतर तबला बसवायला सोपं जातं.’

‘तबला बसवायचा कशाला? हे काय बसलेत की समोर!’

बुवांचं बरोबर होतं. अभंग सुरू होतो तो जवळजवळ मोकळ्या लयीत, ध्रुपदावर ठेका धरतो, चरणागणिक थोडा थोडा चढतो, आणि गजराला येईपर्यंत भजनी ठेका दुगुणीत गेलेला असतो. ही चढण आधी आकड्यांत लिहून देता येत नाही, कारण ती त्या रात्री समोर बसलेल्यांवर ठरते. तबलजीलाही हात कुठे टाकायचा ते बुवांच्या श्वासावरून कळतं, घड्याळावरून कळत नाही.

यावर उपाय दोन. पहिला सरळ: टिकटिक बंद, आखलेल्या मात्रांना चिकटण्याची सोय बंद, आणि सॉफ्टवेअर नुसतं टेपयंत्र म्हणून वापरायचं. हे कुठल्याही घराण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये करता येतं. टेपवाल्यांत ते विचारावंही लागत नाही. दुसरा उपाय उलट्या दिशेचा: आधी मोकळं गाऊन घ्यायचं आणि मग सॉफ्टवेअरला त्या गाण्यावरून मात्रा आखायला लावायचं. लॉजिकमध्ये २०१८पासून स्मार्ट टेम्पो नावाने ही सोय आहे. क्यूबेस आणि रीपरमध्येही गाण्याची लय पाहून मात्रांचा नकाशा हाताने किंवा आपोआप आखता येतो. मग पुढे कीबोर्डवरची बासरी किंवा स्वरमंडळ त्या वाकड्या चौकटीत नीट बसतं. आपल्या संगीतासाठी सॉफ्टवेअर पारखताना हे मी सगळ्यात आधी पाहीन: चौकट गाण्याप्रमाणे वाकते, की गाण्याला वाकवते?

त्या रात्री दुसरी अडचण आली ती उशिराची. बुवांना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये किंचित मागून ऐकू येत होता, आणि असा आवाज ऐकून कुणाचाही सूर डगमगतो. कारण साधं आहे. संगणक आकडे एकेक करून हाताळत नाही, गठ्ठ्याने हाताळतो. गठ्ठा १०२४ आकड्यांचा असेल तर ४८,०००च्या हिशेबाने २१ मिलिसेकंद आत जायलाच लागतात, बाहेर येताना पुन्हा तेवढेच. गठ्ठा १२८चा केला तर एका दिशेला तीन मिलिसेकंदही लागत नाहीत. पण गठ्ठा लहान म्हणजे संगणकाची धावपळ जास्त. जुना लॅपटॉप मग कडकड आवाज करू लागतो. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीने दिलेला असिओ ड्रायव्हर बसवला नाही तर हा उशीर आणखी वाढतो, आणि लोक दोष देतात सॉफ्टवेअरला. बहुतेक इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर नावाचं बटण असतं. ते दाबलं की गाणाऱ्याचा आवाज संगणकात न जाता थेट त्याच्या हेडफोनमध्ये येतो. बुवांचा प्रश्न त्या बटणाने मिटला. त्यासाठी सॉफ्टवेअर बदलायचं कारणच उरलं नाही.

तिसरी गोष्ट निवडीची होती. बुवा आणि तबला एकाच खोलीत, एकाच वेळी, म्हणजे बुवांच्या माइकमध्ये तबला उतरणार आणि तबल्याच्या माइकमध्ये बुवा. नंतर एखाद्या चरणात बुवांचा सूर हलला असेल तर तेवढाच उचलून दुरुस्त करता येत नाही. मागे तबलाही त्याच्याबरोबर हलतो. वेगवेगळं घेतलं तर दुरुस्ती सोपी, पण दोघांतला जिवंतपणा जातो. त्यांनी एकत्र घेतलं आणि टाळ तेवढा नंतर वाजवला, कारण टाळाचा आवाज खोलीतल्या एकाही माइकला सोडत नाही. अभंग तीनदा पूर्ण गायला. मग मुलीने तिन्ही टेक एकाखाली एक ठेवून कुठला चरण कुठल्या टेकमधला ते निवडलं. सांधा जोडायचा तो दोन चरणांमधल्या श्वासात, बुवा आणि तबला दोन्ही एकदम कापून. चौकटीवर न गायलेल्या गाण्यात दोन टेकची लय सारखी नसते, म्हणून एकाच चरणाच्या मध्ये सांधा टिकत नाही.

सुराला इस्त्री

आता सूर दुरुस्त करणाऱ्या यंत्राबद्दल, कारण सॉफ्टवेअर घेताना ‘ऑटोट्यून आहे का त्यात?’ हा प्रश्न हमखास येतो. तेलाच्या शोधासाठी जमिनीखालून परतणाऱ्या लहरींचं गणित करणाऱ्या अँडी हिल्डेब्रँड यांनी ते गणित गळ्याला लावलं आणि १९९७मध्ये ऑटोट्यून आलं. पुढच्याच वर्षी शेर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’ गाण्याने ते जगाच्या कानावर पडलं. म्युनिकच्या सेलेमोनी कंपनीचं मेलोडाइन त्याहून नाजूक: प्रत्येक स्वर पडद्यावर गोळ्यासारखा दिसतो आणि तो हाताने सरकवता येतो.

दोन्ही यंत्रं मुळात पियानोच्या बारा स्वरांत विचार करतात, आणि तिथे आपलं गाणं दोन ठिकाणी अडतं. एक, षड्ज. बुवांचा तंबोरा काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठेतरी लागतो. खालच्या सप्तकातली काळी एक १३८.६ हर्ट्झची, पांढरी दोन १४६.८ची, आणि बुवांचा सा १४२च्या आसपास. यंत्राला हे आधी सांगितलं नाही तर ते बुवांचा पक्का लागलेला सा उचलून काळी एकवर नेऊन ठेवणार, आणि तंबोरा मागे वेगळाच वाजत राहणार. म्हणून यंत्राचा मूळ सूर हर्ट्झमध्ये बदलता येतो का, हे पाहून घ्यायचं. दुसरी अडचण मींडेची. भैरवीतल्या कोमल रिषभावरून षड्जावर येताना आवाज मधल्या सगळ्या श्रुती ओलांडत येतो. यंत्र घाईवर ठेवलं तर त्या उताराच्या पायऱ्या होतात. बालगीतात ते चालून जातं. अभंगात कानाला खुपतं. मींड जिथे आहे तिथे यंत्र बंद ठेवायचं आणि फक्त ठाय स्वराला हात लावायचा, अशी रीत जाणते ध्वनिमुद्रक पाळतात. त्याहून स्वस्त उपाय आणखी एक टेक घेणं.

पैसे, वर्गणी आणि पेन ड्राइव्ह

किमतीचं गणित वरवर दिसतं तितकं सरळ नाही. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येतं; त्यानंतर घरगुती आणि छोट्या कमाईच्या वापरासाठी परवाना ६० डॉलरचा, म्हणजे साधारण पाच हजार रुपये. लॉजिक फक्त ॲपलच्या यंत्रांवर चालतं. मॅकवर एकदाच १९९.९९ डॉलर भरायचे. ज्याच्याकडे मॅक किंवा आयफोन आहे त्याला गॅरेजबँड फुकट मिळतं, आणि गॅरेजबँडमध्ये सुरू केलेलं काम पुढे लॉजिकमध्ये उघडतं. एफएल स्टुडिओ एकदा घेतलं की पुढच्या सगळ्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट, हे त्याचं मोठं आकर्षण. पण घेताना दोन गोष्टी पाहायच्या. सगळ्यात स्वस्त आवृत्तीत आवाज रेकॉर्ड करून ट्रॅकवर मांडायची सोय नसते, तेव्हा गाणाऱ्याने ती घेऊ नये. आणि चाचणीच्या प्रतीत काम साठवता येतं, पण विकत घेईपर्यंत ते पुन्हा उघडता येत नाही. प्रो टूल्सची फुकट आवृत्ती आठ ऑडिओ ट्रॅकवर थांबते. एका अभंगाला आठ ट्रॅक पुरतात, लग्नाच्या मंगलाष्टकांनाही पुरतात, चित्रपटगीताला पुरत नाहीत. त्याच्या मोठ्या आवृत्त्यांना वर्षाची वर्गणी आहे. जे दर महिन्याला काम घेतात त्यांना वर्गणी परवडते. वर्षातून दोनदा अभंग करणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

आणि मग पेन ड्राइव्ह. ‘क्रॅक आहे माझ्याकडे, टाकून देतो’ हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येतं. चोरीचा मुद्दा आहेच, पण ज्यांना तो मुद्दा शिवत नाही त्यांनाही व्यवहार समजावा. क्रॅकबरोबर काय काय संगणकात शिरतं ते कुणी तपासलेलं नसतं, संगणक अद्ययावत केला की सॉफ्टवेअर उघडेनासं होतं, आणि ते नेमकं गणपतीच्या आदल्या रात्री होतं. पाच हजारांत, आणि काही वेळा फुकट, सरळ मार्गाने चांगली साधनं मिळत असताना क्रॅक वापरण्यामागे गरज थोडी आणि नावाची हाव जास्त असते.

सॉफ्टवेअर मरतं

निवडताना कुणी विचारत नाही असा एक प्रश्न आहे: हे दहा वर्षांनी असेल का? नव्वदच्या दशकात मॅकवर संगीत करणाऱ्यांच्या हातात ओपकोड कंपनीचं व्हिजन असायचं. गिब्सन या गिटार कंपनीने १९९८मध्ये ओपकोड घेतली आणि थोड्याच काळात तिचं काम थांबलं. लॉजिक बनवणारी जर्मन कंपनी इमॅजिक २००२मध्ये ॲपलने घेतली आणि विंडोजवर लॉजिक वापरणारे वाऱ्यावर सुटले. केकवॉक १९८७पासूनचं, २०१३मध्ये तेही गिब्सनकडे गेलं, २०१७मध्ये बंद झालं, आणि पुढच्या वर्षी सिंगापूरच्या बँडलॅबने ते विकत घेऊन काही वर्षं फुकट वाटलं. म्हणजे मोठं नाव आणि मोठा मालक ही दीर्घायुष्याची खात्री होत नाही.

यावर तोडगा आहे, आणि तो सॉफ्टवेअरच्या बाहेरचा आहे. गाणं पूर्ण झालं की प्रत्येक ट्रॅक वेगळा, गाण्याच्या पहिल्या क्षणापासून शेवटापर्यंत सलग, वेव्ह फाइलमध्ये बाहेर काढायचा. १९९१पासून चालत आलेला हा प्रकार जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरला वाचता येतो. सगळे ट्रॅक एकाच बिंदूपासून सुरू होत असल्याने दुसरीकडे नेले तरी एकाखाली एक बरोब्बर बसतात. जागा फार लागत नाही: २४ बिट, ४८,०००च्या मापाने एका ट्रॅकला मिनिटाला साडेआठ एमबीहून थोडी जास्त, म्हणजे पाच मिनिटांच्या, दहा ट्रॅकच्या गाण्याला साडेचारशे एमबीच्या आत. शेजारी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये सा किती हर्ट्झचा, ताल कुठला, तारीख कुठली, कोण काय वाजवतंय, एवढं लिहून ठेवायचं. दोन डिस्कवर प्रत, त्यातली एक दुसऱ्या घरात. हे ज्याने केलं त्याला सॉफ्टवेअर मेल्याची बातमी वाचून झोप उडत नाही.

मग कुणी काय घ्यावं

बालगीतं करणाऱ्या बाईंना चौकटीचं घराणं हवं. त्यांचं गाणं ठाम ठेक्याचं, कीबोर्डवर बांधलेलं, पोरांचा कोरस त्यावर बसवायचा. घरात मॅक किंवा आयफोन असेल तर गॅरेजबँडने सुरुवात करावी आणि ते तोकडं पडलं तरच पुढे जावं. काकांना लेहऱ्यासाठी सॉफ्टवेअरवर खर्च करायचं कारण नाही. एक आवर्तन नीट वाजवायचं, समेवर कापायचं, पाहिजे तितक्या वेळा चिकटवायचं. ऑडॅसिटीत हे होतं. त्यांनी पैसे माइकवर घालावेत, कारण पेटीच्या भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची खटखट स्वस्त माइकमध्ये सुरापेक्षा मोठी ऐकू येते. नांदेडच्या पोराच्या हाताला एफएल स्टुडिओ बसलेलं आहे. कुणी स्टुडिओवाला ‘प्रो टूल्स शीक’ म्हणाला म्हणून त्याने ते सोडू नये. फक्त गायचंय म्हणून आवाज टिपणारी आवृत्ती घ्यावी आणि ती विकत घ्यावी. बुवांच्या अभंगांना टेपचं घराणं लागतं. रीपर त्यांना पुरून उरतं. मुलीने तेच घेतलं, आणि उरलेल्या पैशांत तबल्यासाठी दुसरा माइक आणला.

ज्यांचं गाणं या चौघांच्या मधलं कुठलंतरी आहे, त्यांनी नावांच्या याद्या वाचत बसण्यापेक्षा आपल्या गाण्याला तीन प्रश्न विचारावेत. लय स्थिर आहे की चढती? सगळे एकत्र वाजवणार की एकेक करून? सा पियानोच्या पट्टीवर आहे की तंबोऱ्याच्या? पहिल्या दोन उत्तरांवरून घराणं ठरतं, तिसऱ्यावरून सूर दुरुस्तीचं काय करायचं ते ठरतं. मग त्या घराण्यातल्या दोन सॉफ्टवेअरच्या चाचणीच्या प्रती उतरवून घ्या आणि दोन्हींत तेच एक गाणं सुरुवातीपासून वेव्ह फाइलपर्यंत न्या. आठवड्याभरात ज्यात गाणं पुरं झालं, ते घ्या. कशातच पुरं झालं नाही, तर दोष कदाचित सॉफ्टवेअरचा नसेल. पण निदान पैसे तरी वाचले.